बाज चौघांनी उचलायची असते

प्रश्न : माझे वय 46 आहे. आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. अडीच वर्षांपूर्वी माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि वाचाही गेली. ते आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) वीस वर्षे पेटी वाजवत होते. आता पेटी चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवली आहे. मुलाने बारावीनंतर शिक्षण सोडले, तो एमआयडीसीत कंत्राटावर जातो. मी घरी शिवणकाम करते. मंडळीतल्या एक बहीण म्हणाल्या की, घरात काही लपलेले पाप असेल, ते कबूल करा. दुसऱ्या म्हणाल्या, तुमचा विश्वास कमी पडतो, उपास-प्रार्थना करा. मी सात दिवस उपास केला आणि आठव्या दिवशी मशीनवर चक्कर येऊन पडले. पाळक म्हणतात, यात देवाची काही तरी योजना आहे. पण ती कोणती, हे कोणी सांगत नाही. चार महिने मी उपासनेला गेलेली नाही. प्रार्थनेला बसले तर शब्द फुटत नाही. एका रात्री माझ्या मनात आले की, आता हे सुटले तर बरे. तेव्हापासून मला माझीच भीती वाटते. अंथरूण बदलायचे आणि मशीन चालवायची, एवढ्यासाठीच देवाने मला जन्माला घातले का? माझ्या जगण्याला काही प्रयोजन आहे का?
— एक भगिनी

उत्तर :

प्रिय ताई, सप्रेम सलाम.

तुमचे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण 'योजना' या शब्दाशी माझे जुने देणे आहे आणि ते सांगितल्याशिवाय तुम्हाला काही लिहिण्याचा मला अधिकार नाही. मी पाळकाच्या कामात नवा असताना एका सहा वर्षांच्या मुलाच्या दफनविधीत त्याच्या आईला म्हणालो होतो, "देवाला आपल्या बागेसाठी एक फूल हवे होते." बाईंनी मान वर करून विचारले, "त्याच्या बागेत एवढी फुले असताना माझ्या दारातले एकच रोप कशाला लागले, पाळकसाहेब?" मला उत्तर देता आले नाही. पुढे अनेक वर्षांनी माझ्या लक्षात आले की, त्या दिवशी शास्त्राला धरून बोलली होती ती त्या बाईच, मी नव्हे. तेव्हापासून दुसऱ्याच्या दुःखात देवाची योजना कोणती हे सांगायला माझी जीभ उचलत नाही, आणि तुमच्या पाळकांनाही ती ठाऊक नाही, असे मी त्यांचा अनादर न करता म्हणेन. ते चांगल्या मनाने बोलले असतील. मीही चांगल्याच मनाने बोललो होतो.

आधी पापाचा विषय संपवू, कारण तो मला लवकर संपवायचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांध माणसाकडे पाहून येशूला विचारतात की, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? तुमच्या मंडळीतल्या बहिणीने विचारला तो हाच प्रश्न आहे, आणि येशूचे उत्तर 'याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही' इतके स्पष्ट आहे की, त्यानंतरही मंडळीत हा प्रश्न दोन हजार वर्षे कसा टिकला याचेच आश्चर्य वाटावे. तो पुढे म्हणतो की, याच्या ठायी देवाची कार्ये दिसावीत. आणि मग त्या कार्यांवर प्रवचन न करता तो खाली वाकतो, मातीत थुंकून चिखल करतो आणि माणसाच्या डोळ्यांना लावतो. शिष्यांना आंधळेपणाचे कारण हवे होते. येशू त्या माणसाच्या कामाला लागला. बायबलमधल्या ईयोबाचे, त्या निर्दोष असून संकटात सापडलेल्या माणसाचे, जे मित्र होते त्यांचेही तेच झाले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून कारणे सांगू लागले तेव्हा बिघडले, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबाविषयी मात्र तो म्हणतो की, हा माझ्याविषयी यथार्थ बोलला. अर्धांगवायू हा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने किंवा ती फुटल्याने होतो. तुमच्या यजमानांना रक्तदाबाचा किंवा साखरेचा त्रास असेल तर त्याच्या गोळ्या वेळेवर देणे हे तुमचे काम आहे. लपलेले पाप शोधत रात्री जागणे हे तुमचे काम नाही.

आता विश्वास कमी पडण्याविषयी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या घरातल्या परिस्थितीची गोष्ट शुभवर्तमानात जवळजवळ तशीच्या तशी आहे. मार्काचा दुसरा अध्याय काढा. कफर्णहूमात येशू एका घरात आहे, दाराशीसुद्धा जागा उरलेली नाही, आणि एका पक्षघाती (अर्धांगवायू झालेल्या) माणसाला चौघे जण बाजेसकट घेऊन येतात. आत शिरता येईना म्हणून ते छपरावर चढतात, छप्पर उसकटून भगदाड पाडतात आणि त्याला बाजेसकट खाली सोडतात. घरमालक काय म्हणाला असेल याचा उल्लेख मार्काने केलेला नाही. पण आपल्याकडे कोणी पत्रे काढून असा माणूस खाली सोडला असता तर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीची बैठक नक्की बसली असती. पुढचे वाक्य मात्र बारकाईने वाचा. येशूने 'त्यांचा विश्वास पाहिला' असे तिथे लिहिले आहे. पाहिला तो बाज उचलून आणणाऱ्यांचा विश्वास. पडून राहिलेल्या माणसाने काही म्हटल्याची नोंद नाही. तुमच्या यजमानांप्रमाणे त्याचीही वाचा गेलेली होती की काय, कोण जाणे. येशू त्याला आधी पापक्षमा देतो आणि मग उठवतो, हे खरे आहे, आणि त्या एका ओळीवरून आजार म्हणजे पापाची शिक्षा असे शिकवणारेही भेटतात. पण तुझ्या पापामुळे तू असा झालास, असे तो त्याला कुठेही म्हणत नाही.

ताई, त्या गोष्टीत बाज चौघांनी उचललेली होती. तुमच्या घरात अडीच वर्षे तिचे चारही खूर एकट्या तुमच्या हातात आहेत, आणि वर तुम्हालाच विचारले जाते की, तुमचा विश्वास कुठे गेला? हा प्रश्न उरलेल्या तिघांना विचारायला हवा. मंडळीचा पहिला अंतर्गत वाद प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे आणि तो सिद्धान्तावरून झालेला नाही. रोजच्या अन्नवाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होते, एवढेच त्याचे कारण होते, आणि प्रेषितांनी त्यासाठी सात माणसे नेमली. त्यांनी त्या विधवांना उपास करायला सांगितले नाही. ज्या बाईला रात्री दोनदा उठून माणसाची कूस बदलावी लागते आणि सकाळी गिऱ्हाइकाचे कपडे द्यायचे असतात, तिला सात दिवस उपाशी राहायला सांगणे याला मी आध्यात्मिक सल्ला म्हणणार नाही. बायबलमध्ये एलीया संदेष्टा थकून एका झुडपाखाली पडतो आणि 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही; निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवतो, झोपू देतो आणि पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो. तुम्ही यापुढे उपास करू नये. शक्य झाल्यास सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या.

त्या रात्रीच्या विचाराबद्दलही स्पष्ट लिहितो. दीर्घ आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसांच्या मनात असे येते. मी अनेक घरांत, बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या दाराआड, हेच वाक्य हलक्या आवाजात ऐकले आहे, आणि बोलणारी माणसे दुष्ट नव्हती. ती झोपेला आणि सोबतीला पारखी झालेली होती. यजमान सुटावेत या इच्छेत त्यांचे हाल संपावेत हेही असते आणि आपले संपावेत हेही असते, आणि दोन्हींची लाज वाटण्याचे कारण नाही. मात्र हा विचार स्वतःचा जीव नकोसा होण्याकडे वळत असेल, झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे गेलेली असेल, तर ती प्रार्थनेने झाकून ठेवण्याची गोष्ट नव्हे. डॉक्टरांना सांगा, किंवा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो फुकट लागतो, मराठीत बोलता येते आणि रात्रीही कोणी तरी उचलते.

प्रार्थनेत शब्द फुटत नाही, असे तुम्ही लिहिता. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले एक वचन आपल्याकडे प्रत्येक दुखवट्याच्या घरी म्हटले जाते: देवावर प्रीती करणाऱ्यांना त्याच्या करणीने सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. त्यातला 'मिळून' हा शब्द बोलणारे बहुधा गिळतात. प्रत्येक गोष्ट सुटी सुटी कल्याणाची आहे, असे ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणत नाही. अर्धांगवायू कल्याणकारक आहे असे तर तो मुळीच म्हणत नाही. पण मला तुम्हाला दाखवायचे आहे ते त्याच्या दोनच ओळी आधीचे. आपण कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे तिथे आहे. त्याच्याही आधी सारी सृष्टी कण्हत आहे आणि विश्वास ठेवणारेही कण्हत आहेत, असे येते. कण्हणे हा शब्द तुमच्या घरात मला समजावून सांगावा लागणार नाही. यजमानांना कूस बदलायची आहे, तहान लागली आहे की कुठे दुखते आहे, हे तुम्हाला त्यांच्या कण्हण्याच्या सुरावरून कळत असेल. शब्द नसतात, तरी तुम्ही पाण्याचा पेलाच उचलता. तुम्हाला ते कळते, मग देवाला तुमचे कळत नसेल, असे मानायला मी तयार नाही. तेव्हा प्रार्थनेला बसून शब्द जुळवण्याचा खटाटोप तूर्त सोडून द्या. बोलावेसे वाटलेच तर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचा. त्यात आरंभापासून अखेरपर्यंत तक्रार आहे, शेवटचा शब्द अंधाराचा आहे, आणि तरीही ते कोणी पवित्र शास्त्रातून वगळलेले नाही.

आता प्रयोजनाकडे येतो. माणसे प्रयोजन आणि कारण यांत गल्लत करतात, आणि ती गल्लत कशी होते हे मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून सांगणे सोपे जाते. दौंड तालुक्यातल्या केडगावचे त्यांचे मुक्ती मिशन तुम्ही पाहिले असेल (नगरजवळचे केडगाव ते वेगळे). रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण अशी तिघे दुष्काळाच्या दिवसांत काही महिन्यांच्या अंतराने गेली. ती आणि तिचा भाऊ श्रीनिवास उपाशीतापाशी पायी हिंडत राहिली. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला आणि 1882 मध्ये पटकीने तेही गेले. तिच्या कडेवर तान्ही मनोरमा होती. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. 1896-97 च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली आणि भुकेने मरायला टेकलेल्या मुली गोळा करून केडगावला घेऊन आली. सुमारे 300 मुली त्या फेऱ्यांत आल्या.

मंडळीत ही साक्ष सांगताना म्हटले जाते की, पाहा, देवाने रमाबाईंना उपासमारीतून नेले ते या मुलींसाठी. मला हे पटत नाही. त्या मुलींच्या सोयीसाठी देवाने एका वृद्ध शास्त्र्याला आणि त्याच्या बायकोला उपाशी मारले, असा त्याचा अर्थ होतो, आणि असा हिशेब करणाऱ्याला आपण 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणू शकणार नाही. दुष्काळ पावसाअभावी पडला, आणि राज्यकर्त्यांच्या कारभाराने तो अधिक जीवघेणा झाला. रमाबाईंनी केले ते एवढेच की, भूक कशी असते हे माहीत असलेल्या डोळ्यांनी त्या मुलींकडे पाहिले आणि त्यांना सोडून त्या पुढे गेल्या नाहीत. काम पुढ्यात आले आणि त्यांनी ते घेतले. आईबापांच्या मृत्यूचे उत्तर मात्र त्यांना त्यातून मिळाले, असे मला वाटत नाही. शेवटीही दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही: 1921 च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या, आणि त्यानंतर नऊ महिने व्हायच्या आत, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाई गेल्या. मधल्या काळात एकुलत्या मुलीला पुरलेली ती आई मराठी बायबलच्या आपल्या भाषांतराचे काम संपवत होती. ते समग्र बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या नव्हत्या.

तुम्ही म्हणाल, त्या रमाबाई होत्या, माझ्या हाती फक्त अंथरूण आणि मशीन आहे. तुमचे पत्र ज्या पानावर लिहिलेले आहे ते मापांच्या वहीतले आहे. मागच्या बाजूला पेन्सिलीने 'छाती 26, कंबर 24, उंची 30, बाही अर्धी' असे लिहून त्यावर रेघ मारलेली आहे, म्हणजे तो झगा शिवून झाला असावा. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले 'माझे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत' हे वचन तुम्हाला मोबाईलवर शंभरदा आले असेल. ते मूळ एका पत्रातले आहे आणि बाबेलात (बॅबिलोनमध्ये) पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे. त्याच पत्रात त्यांना सांगितले आहे की, सुटका सत्तर वर्षांनी होईल, म्हणजे वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण ती पाहणार नव्हते. आणि तोवर काय करायचे, तर घरे बांधा, मळे लावा, त्यांचे फळ खा, मुलांची लग्ने करा. हिताचा संकल्प सांगणाऱ्या वचनाच्या आधी ही इतकी साधी कामे सांगितलेली आहेत, आणि वचन पाठवणारे कोणी ती पुढे पाठवत नाहीत. तुमच्या दोन कामांना मी पवित्र वगैरे म्हणणार नाही. तुम्हाला त्यांचा वीट आला आहे आणि येणारच. पण एक माणूस अडीच वर्षे अंथरुणावर असून त्याला शय्याव्रण झालेले नाही (तसे असते तर तुम्ही लिहिले असते), आणि कोणा मुलीच्या अंगात मापाचा झगा आहे, या दोन गोष्टी तुमच्याविना झाल्या नसत्या. याहून मोठे प्रयोजन पुढे कधी तुम्हाला दिसेल की नाही, याची हमी मी देऊ शकत नाही.

आता बाजेच्या उरलेल्या तीन खुरांची व्यवस्था करू. पाळकांना भेटा, आणि 'प्रार्थनेत आठवण ठेवा' एवढेच म्हणून परत येऊ नका. कागदावर लिहून द्या: रविवारी उपासनेच्या वेळी दीड तास यजमानांजवळ कोणी तरी पुरुष बसावा, आठवड्यातून दोनदा आंघोळ घालताना उचलायला एक माणूस यावा, महिन्यातून एकदा दवाखान्यात न्यायला गाडी मिळावी. नावे तुम्हीच सुचवा, कारण 'कोणी तरी' म्हटले की कोणीच येत नाही. ज्या बहिणीने उपास सांगितला तिचे नाव मी पहिले लिहिले असते, पण ते तुमच्या मनावर सोडतो. मुलालाही मोजा, वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला वडिलांची दाढी करता येते, आणि बहुधा त्याला कोणी सांगितले नाही म्हणून तो दूर राहिला असेल. यजमानांचे दिव्यांग प्रमाणपत्र काढलेले नसेल तर काढून घ्या. ते हाती आले की संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो, आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर दरमहा काही आधार होईल. मंडळीत एखादे निवृत्त शिक्षक किंवा कारकून असतील तर या कागदपत्रांची धावपळ त्यांच्याकडे सोपवा. त्यांनाही घराबाहेर पडायला निमित्त हवेच असते.

शेवटी पेटीविषयी. तिच्यावरची चादर काढा. अर्धांगवायूने ज्यांचे बोलणे जाते त्यांच्यापैकी काहींना ओळखीचे गाणे मात्र शब्दांसकट म्हणता येते. बोलण्याचे काम मुख्यतः मेंदूच्या डाव्या बाजूकडे असते, तर गाण्यात उजव्या बाजूचाही वाटा असतो. वाचा-उपचार करणारे या गोष्टीचा उपयोगही करून घेतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असे कोणी आहे का हे डॉक्टरांना विचारून ठेवा. तुमच्या यजमानांच्या बाबतीत असे होईलच, असे मी म्हणत नाही. पण उजवा हात स्वरपट्ट्यांवर आणि डावा हात भात्यावर, अशी पेटी वाजवली जाते, आणि त्यांचा डावा हात चांगला आहे. तेव्हा संध्याकाळी त्यांना उशांच्या आधाराने बसवा, पेटी जवळ घ्या, भाता त्यांच्या हाती द्या. पट्ट्या मुलाने दाबाव्यात. त्याला येत नसेल तर तुम्ही एकच काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, धरून ठेवा, तेवढा सूर पुरे आहे. वीस वर्षे रविवारी ज्या गीताने ते उपासना सुरू करत होते ते तुम्ही म्हणायला लागा, आणि तुमचाही आवाज फुटला नाही तर नुसता भाता चालू द्या. काय झाले ते मला मापांच्या वहीच्याच पानावर कळवा.